चोविसावं पातं

काशीराम मशीन बंद करायचा, चावी काढून खिशात टाकायचा आणि उतरून मागं जायचा. तिथं उकिडवा बसून आधी डोळ्यांनी बघायचा, आतला रूळ फिरायचा थांबला का. मग तळहात मशीनच्या डाव्या कुशीला टेकवायचा, आत बेअरिंग असतं त्या जागी. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मनात दहा आकडे मोजायचा. मग उजव्या कुशीला जाऊन तेच.

बघणाऱ्याला वाटायचं, माणूस काय जपतो मशीनला! इथलं काम बघणाऱ्या सुबोधसाहेबांनी तर एकदा त्याचा तसा बसलेला फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता. पण खरी गोष्ट अशी, की दोन वर्षांमागं काशीरामनं त्या जागी कधी हात ठेवला नव्हता. गरजच नव्हती. तेव्हा त्याला ऐकू यायचं.

जागा मुलुंडची, अगदी डोंगराच्या पायथ्याची. रंगाचा जुना कारखाना बंद पडला, शेड उतरवल्या, यंत्रं भंगारात गेली, आणि उरली अठरा एकर जमीन. माणूस उठून गेला की गवताला सांगावं लागत नाही. श्रावणात ते गुडघ्याला येतं, भाद्रपदात कमरेला, आणि नवरात्र बसेतो काशीरामची टोपीसुद्धा आत बुडते. मागची भिंत दोन ठिकाणी ढासळलेली. तिथून बिबट्या येतो. पलीकडच्या सोसायटीतली कुत्री एकेक करून कमी झाली, तेव्हा बाल्कनीतल्या लोकांनी अर्ज केले, आणि कंपनीनं जागा सांभाळायला एक एजन्सी नेमली. तिनं छोटा सत्तावीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आणला आणि त्याच्या शेपटाला हे गवताचं मशीन.

बाहेरून बघाल तर लोखंडी पेटारा. आत आडवा रूळ, आणि रुळाला खिळीवर लोंबकळणारी चोवीस पाती, प्रत्येक अर्ध्या किलोची. उभं असताना ही पाती मेलेल्या कोंबड्यांच्या मानेसारखी खाली पडलेली असतात. ट्रॅक्टरनं फिरवायला घेतलं की ताठ बाहेर येतात आणि पुढ्यात येईल ते कुटतात. गवत, करवंदाची जाळी, चप्पल, घूस. मागून पडतो तो भुगा. तारेचा तुकडा आला तर तो रुळाला गुंडाळतो, आणि दगड आला तर तो बाहेर फेकला जातो. कुठं, ते मशीन सांगत नाही.

आधी इथं कोयतेवाली चौदा माणसं होती. सगळी कोकणातली, बहुतेकांचे बाप गिरणीत होते. मशीन आलं आणि तेरा घरी गेली. काशीराम राहिला तो नंदूमुळं. नंदू मशीनबरोबर आलेला ऑपरेटर, देवगडकडचा, तोंडानं फाटका पण कानानं तिखट. त्यानं चौदाही जणांना ओळीनं मशीनजवळ उभं केलं आणि विचारलं, काय ऐकू येतं? तेराजण म्हणाले, आवाज. काशीराम म्हणाला, "डावीकडे कोण तरी दात खाता."

नंदूनं मशीन उघडलं. डाव्या बेअरिंगमध्ये वाळू निघाली.

"ह्यो माका व्हयो," नंदू म्हणाला.

मग नंदूनं त्याला सगळं दिलं. उचललेल्या मशीनखाली लाकडाचा ओंडका सरकवल्याशिवाय हात घालायचा नाही. चावी नेहमी आपल्या खिशात, बापाच्यासुद्धा हातात द्यायची नाही. पातं एक झिजलं तर समोरचंही बदलायचं, बैलजोडीसारखं. नवं-जुनं जुंपलं की रूळ थरथरतो आणि थरथरणारा रूळ पहिल्यांदा बेअरिंग खातो. नवी पाती भाजीवाल्याच्या तागडीत तोलून घ्यायची. सकाळी सुरू करायच्या आधी कापायचा पट्टा पायांनी चालून घ्यायचा, दगड, बाटल्या, तारा वेचायच्या. मशीन चालू असताना ऐंशी पावलांत माणूस नको. दर आठ तासांनी ग्रीस, आणि धुतलं तर धुतल्याबरोबर ग्रीस, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. आणि या सगळ्याच्या वर एक.

"मशीन आधी कानात मरता, मगे हातात. कान गेलो, की त्याच दिसा खाली उतरायचा. समाजलंस?"

नंदू स्वतः तसाच उतरला. एका गुरुवारी सकाळी मशीन चालू केलं, जरा वेळ मान वाकडी करून बसला, बंद केलं आणि चावी काशीरामच्या हातात दिली. "आज माका डावो बेअरिंग आयकाक येवक नाय. उद्यापासून तू बस." पुढच्या आठवड्यात गावी गेला. दोन वर्षांनी तिकडंच वारला.

काशीराम त्या सीटवर अकरा वर्षं बसला. अकरा वर्षांत त्याच्या मशीननं माणसाच्या रक्ताचा थेंब काढला नाही. एवढं एकच तो बढाईनं सांगायचा, बाकी बढाई मारण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं.

मग कान जायला लागले. आधी बुलबुल गेले. त्याला वाटलं, पाखरंच कमी झाली, बांधकामं किती वाढलीत. मग कुकरची शिटी गेली. मग फोनची रिंग. बायको पद्मजा म्हणायची, "तुमका हाका मारून माझो घसो बसलो," आणि तो म्हणायचा, "तुझो आवाज आयकान मीच गप रवतंय." जाडे आवाज सगळे येत होते. इंजिनाची धडधड, ट्रक, सुबोधसाहेबांचं बोलणं. गेले ते बारीक आवाज. आणि बेअरिंग मरताना बारीक आवाजातच रडतं.

त्याला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. दर गुरुवारी त्याला नंदूची आठवण व्हायची आणि दर गुरुवारी तो म्हणायचा, पुढच्या खेपेला. सत्तावन्न वय. सीटवरून उतरला की फाटकावरची प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, डावीकडं काय वाजतंय. म्हणून त्यानं तळहाताला कामाला लावलं. बेअरिंग मरायच्या आधी तापतं, हे खरं. पण कान चालताना सांगतो आणि हात थांबल्यावर. मधल्या वेळात काय, याचा विचार तो करत नसे. केला तर झोप जायची.

ही गोष्ट एका माणसाला ठाऊक होती आणि ते काशीरामला ठाऊक नव्हतं. शकु. त्याच्याच गावची, वरच्या वाडीतली, पट्ट्यातले दगड वेचायला आणि मशीन पोचत नाही तिथं कोयता मारायला ठेवलेली. पंचेचाळिशीची बाई, जिभेला हाड नाही. दोन वर्षांमागच्या गणपतीत तिनं त्याच्या पाठीमागं उभं राहून त्याच्या बापावरून एक शिवी हासडून बघितली होती. काशीराम शांतपणे विडीला काडी लावत राहिला. शकुचं हसू तिथंच सुकलं. त्या दिवसापासून मशीन चालू झालं की ती ऐंशी पावलांवर जाऊन उभी राहायची आणि कोयता खाली ठेवून नुसती ऐकायची.

खंडेनवमी आली.

आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात, हे सांगायला नको. नांगर असो, कोयता असो, शिलाईची मशीन असो. धुवायचं, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. आणि एकदा पुजलं की दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. काशीरामच्या लहानपणी त्याच्या काकानं पूजेतला कोयता उचलून शहाळं सोललं होतं. अंगठा शहाळ्याबरोबर गेला. आई मरेपर्यंत तो अंगठा सांगत होती. "पुजलेल्या हत्याराक भूक लागलेली आसता, झिला. तेका डिवचू नको."

त्या वर्षी सुबोधसाहेबांना हौस आली. चेंबूरला राहणारा माणूस, मनानं वाईट नव्हे, पण त्याला सगळं चकचकीत लागायचं. नवमीला सकाळी तो गाड्या धुणाऱ्याकडचा प्रेशरचा पंप घेऊन आला.

"काशीरामकाका, आज मशीन असं झकास करू ना, हेड ऑफिसवाले फोटो बघून गार पडतील!"

"साहेब, बादलीन धुतंव आमी. ह्या पाण्याचा जोर…"

"अरे जोर आहे म्हणून तर आणलाय! तुम्ही बसा, आज सण आहे."

पाणी सुईसारखं निघालं. पात्यांवरचा वर्षाचा मळ निघाला, पेटाऱ्याचा नारिंगी रंग वर आला. साहेबानं नळी डाव्या कुशीपाशी नेली आणि तिथलं काळं ग्रीस निघेपर्यंत धरली. काळं गेलं, चिखल गेला, लखलखीत लोखंड दिसलं. काशीराम बघत राहिला. ते काळं ग्रीस म्हणजे बेअरिंगच्या दाराशी बसलेला कुत्रा. तो हाकलल्यावर पाणी आत गेलंच असणार. आता लगेच ग्रीस गन लावली, आतलं पाणी बाहेर काढलं, दहा मिनिटं रूळ मोकळा फिरवला, की भागलं असतं.

पण शकु ताट घेऊन आलीच होती. पद्मजानं सकाळी दिलेला नारळ, हळद-कुंकू, अक्षता. साहेबाला अकराला अंधेरीला मीटिंग होती. "चला चला, पूजा उरकून घेऊ," म्हणाला. शकुनं पेटाऱ्याला पाच बोटं ओढली, टायरांना लावलं, स्टेअरिंगला लावलं. शेवटी डाव्या कुशीचं ग्रीस आत घालायचं निपल तिला दिसलं, धुऊन पितळेसारखं झळकत होतं, एवढंसं, बोंडासारखं. तिथं तिनं ओली हळद-कुंकवाची टिकली दाबून लावली आणि वर अक्षतांचे दाणे चिकटवले. काशीरामनं नारळ फोडला, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, हयसर कोणाच्या अंगाक ओरखडो येव देव नको." शकु म्हणाली, "व्हय म्हाराजा." साहेबही म्हणाला, फोन धरलेल्या हातानंच.

मग ग्रीस गन शेडमध्येच राहिली. पुजलेल्या मशीनला हात कोण लावणार? काशीराम तरी नाही. दिवसभर त्या बेअरिंगमध्ये पाणी बसून राहिलं आणि तो फाटकाशी विड्या ओढत बसून राहिला. संध्याकाळी जाताना त्यानं वळून बघितलं. माळ घातलेलं मशीन उभं होतं, नवऱ्या मुलासारखं.

दसऱ्याला त्या जागेत दरवर्षी रावण जाळतात. आजूबाजूच्या चार सोसायट्यांचं मंडळ परवानगी काढतं, आणि पुढच्या बाजूचा दोनेक एकरांचा तुकडा कापून द्यावा लागतो. सकाळी आठला काशीराम आला तेव्हा रावण उभा होता. बांबूचा सांगाडा, तीस फूट, अर्धा कागद चिकटवलेला, डोकी अजून जमिनीवर मांडलेली. छातीच्या उंचीवर फळी बांधून प्रीतम बसला होता. हा बांबूवाला, दरवर्षीचाच.

"काय काका, आज तुम्ही रावणाची हजामत करणार वाटतं!" तो वरून ओरडला.

हे काशीरामला ऐकू गेलं. प्रीतमचा आवाज जाडा होता.

"तू तेचा पोट शिव आधी. माजा मशीन शंभर पावलांवर आसा."

साहेबाचा फोन आला, मंडळाची माणसं दोन वाजता खुर्च्या टाकायला येणार, लवकर उरका. काशीरामनं पूजा हलवली. नारळाची भकलं उचलली, माळ काढून ट्रॅक्टरच्या कपाळावर टाकली. पाती मोजली, चोवीस. खिळी हलवून बघितल्या. रूळ फिरवणारे रबरी पट्टे दाबून बघितले. मग ग्रीस गन आणली. उजवीकडं चार दाब, आतून काळं आणि त्याबरोबर पाण्याचा एक थेंब बाहेर आला. तो थेंब त्यानं बघितला.

डावीकडं आला, तर निपलावर शकुची टिकली वाळून खडखडीत झालेली, तांदूळ तिच्यात रुतलेले. तशीच गन लावली तर हळद आणि तांदूळ आत जाणार. फडक्यानं पुसावं तर फडकं तेलकट पोतेरं.

"शकु, ह्या काय करून ठेवलंस गो?"

"काय केलंय?"

"निपलाक टिळो लावलंस."

"मगे? देवाच्या कपाळाक लावतंत, ह्येका नको?"

तो फडकं हातात धरून उभा राहिला. साधी गोष्ट होती. थुंकी लावून पुसायचं, चार दाब मारायचे. पण दसऱ्याच्या सकाळी, हत्यारानं अजून पहिला घास घेतलेला नसताना, त्याच्या कपाळावरचं कुंकू पोतेऱ्यानं पुसायचं म्हणजे रांडाव करण्यासारखं. त्याच्या डोळ्यांपुढं काकाचा अंगठा आला. त्यानं ठरवलं, एक तास चालवू. सीमोल्लंघन झालं, की चहाला थांबल्यावर पुसू. तोवर तळहात आहेच. दर चार पट्ट्यांनी थांबू.

त्यानं पट्टा चालून घेतला, शकुनं बाटल्या वेचल्या, आणि नऊला मशीन गवतात घुसलं.

चार पट्टे झाले. थांबला, उतरला, तळहात टेकवला. गार. उजवं कोमट आणि डावं गार. त्याला बरं वाटलं. डावं बेअरिंग गार होतं ते आतल्या पाण्यानं, पण त्याच्या मनाला तेवढं गार पुरलं.

आठ पट्टे झाले. डावं कोमट. उजव्यासारखंच.

बारा पट्टे. डावं ऊन. दहा आकडे मोजेस्तोवर हात ठेवता आला, पण आठव्याला बोटं उचलावीशी वाटली. तो तिथंच बसून राहिला. समोर कापायचे तीन पट्टे उरले होते. तीनच. आता टिकली पुसायची, ग्रीस मारायचं, थंड व्हायची वाट बघायची, म्हणजे अर्धा तास. ऊन चढलं होतं, लोखंड उन्हानंही तापतं. उजवं सावलीच्या बाजूला होतं. असं सगळं तो स्वतःला सांगत गेला आणि ते एकेक खरंही होतं. तो उठला आणि सीटवर बसला.

शकु ऐंशी पावलांवर पुढं उभी होती. बाराव्या पट्ट्याच्या शेवटीच तिला तो ऐकू आला होता. आधी कानाशी डास यावा तसा. तेराव्या पट्ट्यात तो डास राहिला नाही, पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला. ती ओरडली, "काशीदा, थांबव!" काशीराम समोर बघत येत होता, तोंड शांत. पुन्हा ओरडली. कोयता दगडावर आपटला. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा पलीकडच्या सोसायटीतला वॉचमन भिंतीवरून डोकावला. चौथ्यांदा ओरडली तेव्हा प्रीतमनं कागद चिकटवायच्या चिकीचा डबा फळीवर ठेवला. बाई एवढी बोंबलते म्हणजे गवतातनं बिबट्या उठला, असं त्याला वाटलं, आणि बघायला तो बांबूवरून सरसर खाली उतरला.

काशीरामच्या कानात इंजिनाची जाडी धडधड होती. एरवीसारखीच.

चौदाव्या पट्ट्याला शकुनं नियम मोडला. हात पसरून ती सरळ ट्रॅक्टरच्या वाटेत येऊन उभी राहिली. कोकणी बाई गुरांच्या वाटेत उभी राहते तशी, पाय रोवून. काशीरामनं तिला बघितलं, क्लच दाबला, रूळ थांबवायचा दांडा खाली ओढला. त्याला वाटलं साप.

त्याच क्षणाला सीटखालून धक्का आला. कानानं नाही, त्याला तो ढुंगणानं कळला. ट्रॅक्टर जागच्या जागी उडाल्यासारखा झाला, पेटाऱ्याच्या आत कुणी घण घातल्यासारखे तीन ठोके बसले, आणि मागचा रबरी पडदा आतून बाहेर फाटला. काहीतरी गेलं. कुठं गेलं, ते त्यानं बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही.

त्यानं इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. डाव्या कुशीतून निळा धूर येत होता. टिकली जळून काळी झाली होती. तांदळाचे दाणे फुलले होते, लाहीसारखे.

"काय झाला? साप होतो?" त्यानं विचारलं.

शकु धुराकडं बोट करून ओरडली. "आवशीक खाव तुझ्या सापाक! मशीन रडा होता रे! चार वेळा बोंबाललंय. सगळ्या मैदानान आयकलान. तू आयकलंस नाय."

"इंजिनाच्या आवाजात…"

"दोन वर्सां झाली तुका आयकाक येणा नाय त्येका."

तो हळूच म्हणाला, "कोणाकोणाक म्हायत आसा?"

"तुका सोडून सगळ्यांक," ती म्हणाली. तसं नव्हतं, पण रागात माणूस मोजून बोलत नाही.

त्यानं मशीन उचललं, ओंडका घातला आणि पाती मोजली. तेवीस. पुन्हा मोजली, बोट लावून. एका खिळीच्या जागी नुसतं भोक होतं, फाटलेलं.

पुढचे पाच तास त्यानं ते पातं शोधलं. आधी कापलेल्या पट्ट्यात, मग न कापलेल्यात, गुडघ्यावर बसून, हातानं गवत बाजूला करत. भिंतीपलीकडं जाऊन वॉचमनला विचारलं, कुणाला लागलंबिगलं काय? झोपाळ्यावर तीन-चार मुलं झोके घेत होती. त्यानं त्यांची डोकी एकेक करून बघितली. गाड्यांच्या काचा बघितल्या. वॉचमन म्हणाला, "चाचा, कुछ नहीं हुआ, जाओ." साहेब दोनला आला, म्हणाला, "पडलं असेल हो गवतात. लोखंडाचा तुकडा तो. कुणाला लागलं नाही ना? मग कशाला टेन्शन घेता?"

"साहेब, अर्ध्या किलोचा पाता हा. गेला म्हणजे खय तरी गेलाच."

"उद्या शोधू. बेअरिंगचं मी बघतो. पाण्यानं झालं असं रिपोर्टमध्ये लिहू नका फक्त."

संध्याकाळी माणसं आली. बायका नटूनथटून, म्हातारे खुर्च्यांवर, बापांच्या खांद्यांवर पोरं. काशीराम दोरीच्या आत उभा राहून लोकांच्या पायांकडं बघत होता. रावण पेटला तसे सगळे ओरडले असणार, सगळ्यांची तोंडं उघडी होती. फटाक्यांचा दणका त्याला छातीत कळला. कागद गेला, डोकी गेली, पोट फाटलं. मधले दोन जाड बांबू तेवढे काळे होऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतम राखेतून तारा गोळा करत होता. तारा तो पुढच्या वर्षाला वापरतो. काशीराम गवताकडं निघाला होता. प्रीतमनं त्याला हात केला. नेहमीसारखा ओरडला नाही, नुसता हात केला.

डावीकडचा जाड बांबू आडवा पाडलेला होता. वरून जळलेला, आत अजून पिवळा. त्यावर तारेच्या दोन गाठी होत्या, काल फळी बांधलेल्या, प्रीतमच्या बसायच्या फळीच्या. आणि गाठींच्या हातभर वर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या रेषेत, बांबूत अर्धं रुतलेलं काशीरामचं पातं.

प्रीतमनं तारेच्या गाठीला बोट लावलं.

"मी चिकीचा डबा ठेवून उतरलो ना," प्रीतम म्हणाला. "बाई ओरडली म्हणून. वाटलं बिबट्या. नंतर चढलो ते मागनं, डोकी बसवायला, इथं बसलोच नाही." मग त्यानं हसून बघितलं. "साला, रावणाची हजामत बोललो होतो मी. मस्करी बोललो होतो."

काशीरामनं पातं हलवून हलवून काढलं. गार होतं. ते घेऊन तो तसाच शेडमध्ये गेला, सुबोधसाहेब फोनवर होते, ते संपेपर्यंत उभा राहिला, आणि पातं आणि चावी दोन्ही टेबलावर ठेवली.

"साहेब, माका आयकाक येणा नाय. दोन वर्सां झाली."

साहेबानं पात्याकडं बघितलं, काळ्या झालेल्या कडांकडं, मग दाराकडं. आवाज खाली आणला. काशीरामला आता त्याचे नुसते ओठ दिसत होते. त्यावरून आणि हातांवरून कळलं ते असं, की हळू बोला, कुणाला काही झालेलं नाही, नवीन बेअरिंग टाकू, दिवाळीपर्यंत तरी चालवा, मधेच माणूस कुठनं आणू, आणि चालवायला कान कशाला लागतात.

"लागतत," काशीराम म्हणाला, आणि चावी उचलली नाही.

आता तो फाटकावरच्या खुर्चीत असतो. रोज सकाळी सात वाजता मात्र शेडमध्ये जातो, कुणी सांगितलेलं नसताना ओंडका घालतो, चोवीस पाती मोजतो, दोन्ही निपलं स्वच्छ फडक्यानं पुसतो आणि चार-चार दाब मारतो. त्याला कुणी अडवत नाही.

एजन्सीनं नवा ड्रायव्हर पाठवला तो दिवाळीच्या आदल्या सोमवारी. तिशीचा गडी, दणकट, हात चांगला. ट्रॅक्टर त्यानं एका दमात शेडबाहेर काढला. काशीराम खुर्चीतून बघत होता. गडी गवताशी आला, मशीन खाली टेकवलं, आणि फिरवायच्या आधी खिशातून दोन पांढऱ्या गोळ्या काढून दोन्ही कानांत घातल्या. मोबाइल मांडीवर ठेवला. मान गाण्यावर हलायला लागली, ट्रॅक्टर चालू लागला. पलीकडं ऐंशी पावलांवर शकु कोयता घेऊन उभी होती, नेहमीच्या जागी, ऐकत.

काशीराम खुर्चीतून उठला. पळायचं वय नव्हतं, चालतच गेला, कापलेल्या गवतावरून, सरळ. ट्रॅक्टरच्या नाकासमोर जाऊन त्यानं पाय रोवले आणि दोन्ही हात पसरले.

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तो उभा राहून काहीतरी बोलायला लागला, बरंच काही, आईबापासकट असावं. काशीरामला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तो हात पसरून तसाच उभा राहिला. मग एक हात आखडला आणि बोट स्वतःच्या कानावर ठेवलं.